परीक्षेला बसावे की न बसावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी तीर्थपुरी येथे केलेले भाषण)



भाषण करणे हे माझे काम नव्हे. मंडळात सतरंज्या अंथरणे, हळदीकुंकवाचे वाण मांडणे आणि शेवटी चहाची भांडी विसळणे, ही माझी कामे. तेव्हा इयत्ता सातवी झालेली बाई शाळांवरील अधिकाऱ्यांच्या परीक्षेविषयी बोलणार हे ऐकून तुम्हांला हसू आले असेल. मलाही आले होते. पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात गेल्या वर्षी जे घडले ते जसेच्या तसे सांगा, त्याहून अधिक काही नको." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

माझी धाकटी जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, हे तुम्ही जाणताच. तिची शाळा एका वस्तीवर आहे. दोन शिक्षक आणि बावीस लेकरे. लग्न होऊन आली तेव्हा ती बारावीनंतरची डी.एड. झालेली होती. पुढे नोकरी करता करता, दोन लेकरे सांभाळून, तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि मग बी.एड. केले. मला ती अक्का म्हणते. मी तिला कौतुकाने मास्तरीणबाई म्हणते.

गेल्या वर्षी एके दिवशी डाळीचा डबा काढताना त्याच्या खाली घडी घातलेला कागद सापडला. मला वाटले, किराणाचे बिल असेल. उघडून पाहते तो परीक्षेची सूचना! केंद्रप्रमुखाच्या पदासाठी शिक्षकांतून परीक्षा होणार, पात्र शिक्षकांनी अर्ज करावेत, असे होते. तिने तो कागद छापून आणला होता आणि डाळीच्या डब्याखाली दडपून ठेवला होता. बायकांची मने अशीच असतात. फेकवतही नाही आणि पुढे मांडवतही नाही.

आता हे पद म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगते. आपल्याला शाळेतले गुरुजी आणि मुख्याध्यापक तेवढे माहीत. त्यांच्या वर शिडी असते. साधारण दहा प्राथमिक शाळांचे एक केंद्र, आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. ही पदे राज्यात १९९४ साली निर्माण झाली. आता परीक्षेच्या सूचनेत त्याला समूह साधन केंद्र समन्वयक असे लांबलचक नाव आहे, पण लोकांच्या तोंडी केंद्रप्रमुखच बसले आहे. त्याच्या वर पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी. त्याच्या वर तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, ते आपल्या घनसावंगीला बसतात. आणि सर्वांच्या वर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, ते जालन्याला. त्यांतही प्राथमिक शाळांचे वेगळे आणि माध्यमिकचे वेगळे.

ही शिडी चढायला वाटाही एकाहून अधिक आहेत. एक वाट सेवाज्येष्ठतेची. नोकरीत वर्षे भरत गेली की पाळी येते. दुसरी वाट खात्यातल्या परीक्षेची. केंद्रप्रमुखांच्या जागांपैकी निम्म्या बढतीने आणि निम्म्या परीक्षेने भराव्यात, असे शासनाने २०२२ साली ठरविले. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तीत बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात, शिक्षणाचे कायदे, सरकारी योजना आणि शिकविण्याचे शास्त्र असते. तिसरी वाट लोकसेवा आयोगाची. आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून थेट उपशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी होता येते.

तर मी तो कागद घेऊन तिच्यापुढे गेले आणि म्हटले, "मास्तरीणबाई, हे काय?" ती चपापली. म्हणाली, "काही नाही हो अक्का. सहज आणला होता. मला कुठे बसायचे आहे?"

"बसायचे नाही तर डाळीखाली जपून का ठेवलास?"

मग एकेक कारण बाहेर पडू लागले. दहा शाळा म्हणजे दहा गावे, पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते, स्कुटी घसरते. परतायला अंधार होतो. हाताखाली पन्नाशीचे गुरुजी असणार, ते बाईचे ऐकतील का? आत्याबाईंचे, म्हणजे आमच्या सासूबाईंचे, गुडघे दुखतात. थोरली मुलगी दहावीला. आणि सर्वांत शेवटी हळूच म्हणाली, "अक्का, दहा शाळांच्या फायली तपासण्यापेक्षा माझ्या बावीस लेकरांच्या वह्या तपासलेल्या बऱ्या. मला शिकवायला आवडते."

हे शेवटचे कारण खरे होते. बाकीची खोटी होती असे नव्हे, पण ती पुढे उभी केलेली होती.

आता भगिनींनो, एक कबुली देते. ही गोष्ट मी घरातही उशिरा सांगितली. तिचे बोलणे ऐकून मला मनातून बरे वाटले होते. ती केंद्रप्रमुख झाली तर सकाळचा स्वयंपाक, जनावरांचे शेण, आत्याबाईंचे तेल लावणे, पाहुण्यांची ऊठबस, सारे माझ्या एकटीच्या अंगावर येणार, हा हिशेब मी तिथल्या तिथे करून टाकला होता. त्याखाली आणखी एक काटा होता. ती आधीच शिकलेली, पगाराची, तिला गाव मॅडम म्हणते. आता ती साहेब होणार आणि मी भाकऱ्याच थापणार. म्हणून मी म्हटले, "खरे आहे बाई तुझे. कशाला ती दगदग?" आणि कागद तिला परत दिला. त्या रात्री मला झोप आली नाही.

झोप न येण्याचे कारण माझ्या सातवीत होते. माझ्या माहेरच्या गावी शाळा सातवीपर्यंतच. आठवीला दुसऱ्या गावी जावे लागे. शाळेला मुलींसाठी मुतारी नव्हती. आम्ही मुली सकाळपासून पाणी पीत नसू, आणि मोठ्या झालेल्या मुली महिन्यातले चार दिवस घरीच राहत. एकदा तपासणीला साहेब आले. मी त्यांना पंचविसाचा पाढा न अडखळता म्हणून दाखविला. त्यांनी पाठीवर शाबासकी दिली आणि शेरेबुकात काहीतरी चांगले लिहिले. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. पण मुली पाणी का पीत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? आणि ही मुलगी पुढे शिकणार ना, हे माझ्या वडिलांना विचारावे असे त्यांच्या मनात आले नाही. सातवीचा निकाल लागला, मी वर्गात पहिली आले आणि दप्तर खुंटीला टांगले ते कायमचे. त्या दिवशी साहेबांच्या जागी एखादी बाई आली असती तर? मी पुढे शिकलेच असते असे नाही म्हणत. पण एकीने तरी विचारले असते.

सकाळी मी हे जावेला सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अक्का, हेच पंडिता रमाबाईंनी सांगितले होते." तिच्या वाचनात आलेले तिने मला सांगितले. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे पुण्यात रमाबाईंची साक्ष झाली. मुलींना शिकवायला स्त्रिया तयार कराव्यात, आणि मुलींच्या शाळा तपासायला स्त्री-निरीक्षक नेमाव्यात, असे त्यांनी त्या साहेबलोकांना सांगितले. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली ती १८४८ साली. म्हणजे एकीने बाईला वर्गात उभे केले, आणि चौतीस वर्षांनी दुसरीने म्हटले की वर्ग तपासायलाही बाईच हवी. तिकडे अमेरिकेतही असेच घडले आहे. तिथे शाळांचा जिल्हा असतो, त्याचा एक प्रमुख असतो, आणि पुष्कळ राज्यांत त्या पदासाठी आधी वेगळे प्रमाणपत्र मिळवावे लागते. शिकागो शहरातील सर्व सरकारी शाळांची प्रमुख म्हणून १९०९ साली एला फ्लॅग यंग या बाई नेमल्या गेल्या. त्यांनीही प्राथमिक शाळेत शिकवूनच सुरुवात केली होती.

मी म्हटले, "अगं, मग तुझ्या बावीस लेकरांचे काय?"

तर ती म्हणाली, "बावीस कुठे राहतात अक्का?"

आपल्या भागातली ही गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली माणसे बिऱ्हाड बांधतात, नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला निघतो, आणि पाठीमागून लेकरेही ट्रॅक्टरवर चढतात. तिच्या वर्गातली आठ-नऊ लेकरे दर वर्षी अशी जातात. आई-बापांपाशी हातापाया पडून ती दोघा-तिघांना आजीजवळ ठेवून घेते. त्यांच्यासाठी डबाही आमच्याच घरून जातो. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप बाहेर असताना लेकरांनी गावातच राहावे, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, अशी ती आहे. पण त्यासाठी ऊस सुरू होण्याआधी लेकरांची गणती व्हावी लागते, प्रस्ताव वेळेवर जावा लागतो, कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो. एका वर्गाची शिक्षिका आपल्या दोन लेकरांना धरून ठेवील. दहा शाळांच्या लेकरांसाठी कागद हलवायचा तर दहा शाळांचा अधिकार लागतो. हे ती मला समजावू लागली, आणि समजावता समजावता तिलाच समजले. मी फक्त ऐकत होते.

तरीही मन ठरेना. तेव्हा एका रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सारे ओसरीवर बसलो. आमच्या घरचे, भाऊजी, आत्याबाई, मुले, सगळे. जावेने कागद मध्ये ठेवला. भाऊजींना पहिली शंका ही की बदली कुठे होईल? तिने चौकशी करून ठेवली होती. केंद्रप्रमुखाची ही परीक्षा आपापल्या जिल्हा परिषदेतील शिक्षकांसाठी असते, म्हणजे नेमणूक जिल्ह्यातच होणार. गटशिक्षणाधिकारी हे पद मात्र राज्याच्या सेवेतले, त्याची बदली दुसऱ्या जिल्ह्यातही होऊ शकते. म्हणजे दोन पदांत घरच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर. हे आधी कळल्यामुळे निम्मी भीती तिथेच गेली. माहिती घेतल्यावाचून नुसते भिण्यात आपल्या किती रात्री जातात, पाहा!

आमच्या घरचे म्हणाले, "पण पास झाली आणि नंतर वाटले की नको, तर?"

यावर आत्याबाई बोलल्या. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांच्या सासूबाई निजामाच्या राज्यात वाढल्या. तेव्हा मोठ्या शाळेचे शिक्षण उर्दूतून असे, आणि मुलीला तर कोणत्याच भाषेतून नसे. आत्याबाई म्हणाल्या, "पेपर लिहून ये म्हणावं. पेपर लिहिणं म्हणजे काय सासर सोडून जाणं आहे व्हय? पास झाली तर पुढचं पुढं बघू. नापास झाली तर पोरं हायतच शाळेत." आणि गुडघ्यांचा विषय निघाला तशा म्हणाल्या, "माझे गुडघे सुनांनीच दाबावेत असं कुठं लिहिलंय? लेकं कशाला जन्माला घातली?"

सगळे हसले. पण त्या हसण्यातच निर्णय झाला. परीक्षेला बसणे आणि पद घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आत्याबाईंनी आम्हां शिकलेल्यांना शिकविले. आपण दोन्हींची एकच मोट बांधतो आणि ती उचलत नाही म्हणून खाली ठेवतो.

मग मी माझी कबुली दिली, म्हणजे मघाशी तुम्हांला सांगितली तीच. जावेच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही नको म्हणाला असता तर मी अर्ज केला नसता." हे ऐकून मात्र मला भीती वाटली. एका बाईचे पुढचे सारे दुसऱ्या बाईच्या एका शब्दावर अडलेले असते, आणि त्या दुसरीला ते ठाऊकही नसते.

त्याच रात्री कामाची वाटणी झाली. पहाटे चार ते सहा तिने अभ्यास करायचा, तोवर चुलीकडे फिरकायचे नाही. संध्याकाळचे दूध भाऊजी काढतील. आत्याबाईंना तेल लावण्याचे काम आमच्या घरच्यांनी घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी बाटली संपविली, तो भाग निराळा! मुलांनी आपापली ताटे घासायची. सगळे नियम रोज पाळले गेले असे सांगणार नाही. सणावाराला मोडले, कापूस वेचणीच्या दिवसांत तर आठ-आठ दिवस मोडले. पण मोडले तरी पुन्हा जोडले.

आता याचा मला काय लाभ झाला ते सांगते. मी भाकरी थापत असताना ती शेजारी बसून मोठ्याने पाठ म्हणे, आणि चुकले की मी पुस्तकात बघून सांगायचे, अशी आमची रीत पडली. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत आणि सक्तीचे शिक्षण. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. इथे मी थांबले. माझा धाकटा सहावीत आहे, आणि दोन वर्षांपासून मी त्याच्या शाळेच्या समितीवर आहे. आजवर रजिस्टर घरी यायचे आणि मी सही करायची. मला वाटे, बायकांची नावे शोभेला घालतात. कायद्यानेच माझी जागा ठेवली आहे, हे मला तव्यावर भाकरी असताना कळले. ती भाकरी करपली!

पुढच्या बैठकीला मी स्वतः गेले. कोपऱ्यात बसले, पण दोन गोष्टी विचारल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांची गणती कधी होणार? पहिल्या प्रश्नावर थोडी कुजबुज झाली. पण आठवड्यात नळाची तोटी बसली. दुसऱ्या प्रश्नावर ठराव झाला. त्याचे पुढे काय होते ते पाहायला मी पुन्हा जाणार आहे.

आता कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक शिक्षिकेने अधिकारी व्हावे असे तुमचे म्हणणे का? तसे मुळीच नाही. चांगली शिक्षिका वर्ग सोडून गेली तर त्या वर्गाची हानी होते, हे खरेच आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असाच विचार केला, घरात बोलल्या, आणि परीक्षेला न बसण्याचे ठरविले. "पहिलीच्या लेकराला पहिले अक्षर काढताना बघणे मला सोडवत नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांचा निर्णय मला जावेच्या निर्णयाइतकाच मोलाचा वाटतो, कारण तो त्यांनी स्वतः घेतला. डाळीच्या डब्याखाली दडपून आपोआप झालेला "नाही" आणि उघड्यावर विचार करून म्हटलेला "नाही" यांत फार फरक आहे.

जावेने अर्ज भरला. निकाल काय लागायचा तो लागो. ती पास झाली तर तुम्हांला पेढे देईन, आणि न झाली तर पुन्हा पहाटे चारचा गजर लावीन.

शेवटी मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या गावात आणि वस्त्यांवर ज्या शिक्षिका, अंगणवाडीताई, आशाताई आहेत, त्यांच्यासाठी कोणत्या परीक्षा निघतात याच्या सूचना मंडळाच्या फळ्यावर लागाव्यात. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून ऐकीव माहिती न लिहिता मूळ सूचनाच लावावी. दुसरी, मंडळाची खोली पहाटे रिकामीच असते. ज्यांना घरी बसायला जागा नाही त्यांना ती अभ्यासाला मिळावी, किल्ली मी सांभाळीन. तिसरी विनंती आपणां सर्वांना, आणि आधी मला स्वतःला. घरातली सून, जाऊ, नणंद किंवा लेक काही शिकायचे म्हणाली, तर आपल्या तोंडून पहिला शब्द "कशाला?" असा निघू नये. "कधी आहे परीक्षा?" असे विचारावे. पुढचे पुढे बघता येते.

फार बोलले. चहा निवतो आहे आणि भांडी विसळायची आहेत.